सशाची जात घर पाहून ठरवावी

सांगली, मिरज, तासगाव या भागात ससा पाळायचा असेल, तर जातीचा विचार एप्रिल-मेच्या उन्हापासून सुरू करावा. सशाला घाम जवळजवळ येत नाही. अंगातील उष्णता तो मुख्यतः कानांवाटे बाहेर टाकतो, आणि साधारण 15 ते 22 अंश तापमान त्याला मानवते. पारा 30 अंशांच्या वर गेला की तो धापा टाकू लागतो, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात पारा 40च्या आसपास पोहोचतो. म्हणून पत्र्याच्या खोलीत किंवा गच्चीवर ठेवण्याचा बेत असेल, तर कोणत्याही जातीचा ससा आणू नये. शहाबादी फरशीची, वारा खेळणारी, दुपारी सावलीत राहणारी खोली असेल, तरच पुढचा विचार करावा.

अंगोरा आणि लायनहेड या केसाळ जाती छायाचित्रात मोहक दिसतात. अंगोराच्या अंगावरून दोन-तीन दिवसांआड कंगवा फिरवावा लागतो आणि साधारण दर तीन महिन्यांनी लोकर कापावी लागते. देशात तो प्रामुख्याने हिमाचलसारख्या थंड प्रदेशात पाळला जातो, हे पुरेसे बोलके आहे. महाबळेश्वर-पाचगणीची थंड हवा त्याला चालेल असे वाटते, पण तिथल्या पावसाळ्यात हवा महिनोन्‌महिने ओलसर असते. मागच्या बाजूचे लांब केस ओले व मळलेले राहिले, तर माश्या तिथे अंडी घालतात आणि अळ्या जिवंत सशाचे मांस खातात. हे दुखणे एक-दोन दिवसांत जीव घेऊ शकते. रोज निगा राखायला वेळ नसेल, तर आखूड केसांचाच ससा घ्यावा.

घरात लहान मुले असली की पालक आकाराने लहान ससा मागतात. माझ्या मते हा निर्णय बहुतेक वेळा चुकतो. नेदरलँड ड्वार्फ जेमतेम किलोभर वजनाचा, पण चपळ आणि बुजरा असतो, आणि उचलून घेतल्यावर धडपडून हातातून निसटला तर पडून त्याचा कणा मोडू शकतो. त्यापेक्षा दोन-अडीच किलोचा डच किंवा चार-पाच किलोचा न्यूझीलंड व्हाइट सहसा शांत असतो. मुलांनी त्याला उचलण्याऐवजी जमिनीवर बसून त्याच्याशी खेळावे. लोंबत्या कानांचा हॉलंड लॉप स्वभावाने गोड असतो, परंतु कानात मळ साचणे आणि आखूड तोंडामुळे दात वाकडे वाढणे या तक्रारी त्याच्यात अधिक आढळतात.

रेक्सची मखमली फर सुंदर असली, तरी त्याच्या तळपायावर केस विरळ असतात, त्यामुळे जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यात त्याच्या पायांना जखमा होतात. वजनदार जातींचेही तेच होते. गुळगुळीत फरशीवरही गोणपाट किंवा सतरंजी अंथरावी. नोकरदारांना एक सोय आहे: ससा पहाटे आणि संध्याकाळी जागा असतो, दुपारी पडून राहतो.

बाजारात सांगितलेल्या जातीच्या नावावर फार विसंबू नये, कारण आपल्याकडे विकले जाणारे बरेच ससे संकरित असतात. शक्य असल्यास पिलाचे आईबाप पाहावेत; त्यांचे वजन, केस आणि कान पाहिले की पिलू मोठेपणी कसे होईल याचा अंदाज येतो. आठ आठवड्यांच्या आतले पिलू घेऊ नये. ऊसतोडीत फडात सापडणारी पिल्ले मात्र रानसशाची असतात. ती घरी आणणे 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, आणि ती सहसा जगतही नाहीत.

जात कोणतीही असो, आहाराचा मुख्य भाग वाळलेले गवतच हवे, कारण सशाचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि ते गवत चघळूनच झिजतात. गाजर थोडेच द्यावे. बारा तास ससा काही खात नसेल, तर सकाळची वाट न पाहता पशुवैद्याकडे न्यावे. म्हणून ससा आणण्याआधीच सशांवर उपचार करणारा पशुवैद्य शोधून ठेवावा. शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथेही चौकशी करता येईल.

आणण्याची वेळ दिवाळीच्या फटाक्यांनंतरची धरावी, म्हणजे हिवाळाभर ससा घरात रुळतो आणि पहिला उन्हाळा त्याला ओळखीच्या जागेत काढता येतो.