गुडघा बदलण्याआधी: डॉक्टरांना काय विचारायचं, घरात काय बघायचं

आईचं ऑपरेशन ठरलं तेव्हा पहिल्या भेटीत आम्ही एकच विचारलं, "चालता येईल ना?" "येईल," डॉक्टर म्हणाले. सात मिनिटांत आम्ही बाहेर. फोंड्याला परतताना गाडीत आई म्हणाली, "चवथीला, गणपतीच्या पूजेला, पाटावर बसता येईल का रे?" विचारायचं होतं ते हे.

म्हणून आधी एक वही घ्या. दिवसभरात माणूस कुठे बसतो, कुठे चढतो, कुठे अडतो ते तिच्यात लिहा. सोप्याच्या पायऱ्या, न्हाणी, तुळशीपर्यंतचं शेवाळलेलं अंगण. प्रश्न त्यातूनच निघतात.

दुसऱ्या भेटीला वही घेऊन जा, सोबत एक जण ऐकायला हवा. पूर्ण गुडघा बदलणार की अर्धा? दोन्ही एकदम की एकेक? भूल कमरेतून का? जंतुसंसर्ग आणि पायात रक्ताची गुठळी टाळायला काय करता? कितव्या दिवशी उभं करणार? नवा गुडघा किती वाकेल, हे नक्की विचारा. साधारण 110 ते 120 अंश वाकला तरी चांगलंच. पण उकिडवं बसायला त्याहून जास्त लागतं. म्हणजे देशी संडास असेल तर कमोडची सोय आधीच करा.

औषधांची यादी दाखवा, आयुर्वेदिक गोळ्यांसकट. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या कधी थांबवायच्या ते डॉक्टरच सांगतील, आपल्या मनाने बंद करू नका. साखर जास्त असेल तर ऑपरेशन पुढे जातं. तंबाखू, मिशरी, विडी आत्ताच सोडा. किडका दात असेल तर आधी दाताच्या डॉक्टरकडे जा. आणि पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या असतील तर लपवू नका, तिथूनही जंतू शिरतात. घरी ब्लेडने पायाचे केस काढायला जाऊ नका, बारीक कापल्यानेही तारीख पुढे जाऊ शकते.

व्यायाम आजपासूनच. पलंगावर पाय लांब करून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, ती मांडीच्या जोराने खाली दाबा, पाच आकडे मोजा, सोडा. दहा वेळा. कंटाळवाणं आहे, पण ऑपरेशननंतर हीच मांडी उभं करते.

पैशांचं विचारायला लाजू नका. 2017 पासून गुडघ्याच्या इम्प्लांटच्या, म्हणजे आत बसवायच्या कृत्रिम सांध्याच्या, किमतीला केंद्राने मर्यादा घातली आहे, पण बिल इम्प्लांटपुरतं नसतं. खोली, तपासण्या, फिजिओथेरपी वेगळी विचारा. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा या आरोग्य विमा योजनेचं कार्ड असेल तर काय बसतं, काय नाही, ते तारीख ठरण्याआधीच कळू दे. इम्प्लांटचे स्टिकर फाइलला लावून मागा.

घरात वाटेतल्या चटया गुंडाळा, खुर्ची उंच आणि हात असलेली ठेवा. दारं मोजायचं मात्र आम्ही विसरलो. वॉकर आला आणि न्हाणीच्या दारात अडकला. आई बाहेर उभी, सुतार चौकट काढतोय.

पोटरी सुजून दुखू लागली, धाप लागली किंवा जखमेतून पाणी आलं तर रात्री कुणाला फोन करायचा, तो नंबर घेऊनच उठा.

पाटाचं उत्तर "नको" असं आलं. आई म्हणाली, "मग खुर्चीवरून सांगेन, गणपतीवरच्या माटोळीला कुणी कुठलं फळ कुठे बांधायचं ते."