पेनड्राइव्हवरच्या ईएसएक्सआयचे लॉग टिकवायचे तर

मरोळच्या आमच्या ऑफिसातला ईएसएक्सआय होस्ट (म्हणजे एकाच यंत्रावर अनेक व्हर्च्युअल मशीन, अर्थात व्हीएम, चालवणारा सर्व्हर) गेल्या पावसाळ्यात एका रात्री आपोआप रीस्टार्ट झाला. वॉचमन छातीठोकपणे सांगत होता, "लाइट गेलीच नव्हती." मी लॉग, म्हणजे सिस्टिमने ठेवलेल्या नोंदी, उघडले, तर पहिलीच ओळ रीस्टार्टनंतरची! होस्ट पेनड्राइव्हवरून बूट होणारा, त्यामुळे लॉग रॅममध्ये. रीस्टार्ट झालं की पाटी कोरी. "सिस्टिम लॉग नॉन-पर्सिस्टंट स्टोरेजवर आहेत" ही पिवळी सूचना मी वर्षभर रोज पाहत होतो, एवढं कबूल करतो.

आधी होस्टच्या वेब पानावरच्या डेटास्टोअर ब्राउझरमध्ये लॉगसाठी फोल्डर करा (डेटास्टोअर म्हणजे होस्टची फाइली ठेवायची जागा). डेटास्टोअर हार्डडिस्क किंवा एसएसडीवरचा हवा. मग मॅनेज, सिस्टिम, ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज इथे जाऊन 'लॉगडिर' शोधा. 'सिसलॉग.ग्लोबल.लॉगडिर'मध्ये चौकोनी कंसात डेटास्टोअरचं नाव, एक स्पेस आणि फोल्डरचं नाव लिहा. एकाच डेटास्टोअरवर दोन-तीन होस्ट लिहिणार असतील तर शेजारचं 'लॉगडिरयुनिक' चालू करा, नाहीतर सगळ्यांची खिचडी होते. याला रीस्टार्ट लागत नाही. स्क्रॅचची (होस्टच्या तात्पुरत्या फाइलींची) जागा बदललीत तर मात्र लागतो.

एवढ्यावर थांबू नका. तो डेटास्टोअरच बसला तर लॉगही गेले. आम्ही एका जुन्या पीसीवर लिनक्स आणि आरसिसलॉग (दुसऱ्या यंत्रांचे लॉग गोळा करणारा प्रोग्रॅम) टाकलं आणि होस्टच्या 'लॉगहोस्ट' सेटिंगमध्ये त्याचा पत्ता, यूडीपी, पोर्ट 514 दिलं. माझी अर्धी दुपार इथे गेली, कारण होस्टच्या फायरवॉलमध्ये सिसलॉगचा नियम चालू करायचा राहिला होता. एरर काही दिसत नाही, फक्त पलीकडे काही पोचत नाही.

शेवटी एखाद्या रविवारी व्हीएम बंद करून होस्ट मुद्दाम रीस्टार्ट करा आणि जुन्या ओळी शिल्लक आहेत का ते बघा.

महिन्याभराने होस्ट पुन्हा पडला, रात्री 2:40 ला. त्या वेळेच्या ओळी सापडेनात, तेव्हा डोक्यात आलं की लॉग यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, असतात. साडेपाच तास मागे, आदल्या तारखेच्या 21:10 ला बघितलं. नोंदी मध्येच तुटलेल्या, शटडाउनची एकही ओळ नाही, क्रॅशचा डंपही नाही. म्हणजे वीजच तुटली होती. यूपीएसची सेल्फ-टेस्ट (ज्यात तो भार बॅटरीवर टाकून बघतो) नेमकी 2:40 ला लावलेली आणि बॅटरी मेलेली. वॉचमन खरं बोलत होता.