कानापुढं बोट ठेवल्यावर

बीडीएसला असताना जबड्याच्या सांध्याचा धडा मी परीक्षेच्या आदल्या रात्री वाचला होता. दाढा, हिरड्या, कवळ्या यांच्या गर्दीत हा सांधा कायम मागं पडतो. इंटर्नशिप सुरू व्हायच्या आत एवढं तरी करा : आरशासमोर उभं राहून दोन्ही तर्जन्या कानाच्या भोकापुढं बोटभर अंतरावर टेकवा आणि सावकाश तोंड उघडा.

आधी बोटाखाली फारसं काही जाणवत नाही, कारण खालच्या जबड्याचा गोळा, म्हणजे काँडाइल, जागच्या जागी बिजागरीसारखा फिरत असतो. तोंड २०-२५ मिलिमीटर उघडलं की तो पुढं घसरतो आणि बोटाखाली खड्डा पडतो. गोळा आणि कवटीची खोबण यांच्यामधे एक चकती असते आणि ती सांध्याचे दोन कप्पे करते. फिरणं खालच्या कप्प्यात, घसरणं वरच्या कप्प्यात. ही चकती मधे पातळ, कडांना जाड. मधल्या भागात ना रक्तवाहिन्या ना नसा. तिच्या मागच्या मऊ भागात मात्र दोन्ही भरपूर. चकती पुढं सरकली की गोळा नेमका त्या मऊ भागावर दाब देतो. पेशंट 'कान दुखालाय' म्हणत आधी कानाच्या डॉक्टरांकडं जाऊन येतात, ते यामुळंच.

माझी चूक सांगते. बेळगावच्या वडगावातल्या एक मावशी, पॉवरलूमवर काम करणाऱ्या. घास चावताना उजवीकडं 'टक्' वाजायचं. म्हणजे चकती पुढं सरकलेली, पण तोंड उघडताना गोळा उडी मारून तिच्यावर चढत होता. मी मऊ खायला आणि शेकायला सांगितलं. महिन्याभरानं त्या आल्या. "डाक्टरबाई, आता काय वाजत नाही बघा." मी खूश. ओपीजी, म्हणजे दोन्ही जबडे एकत्र दाखवणारा एक्स-रे, काढला, गोळा नीट गोल दिसला, 'नॉर्मल' लिहिलं आणि दुखण्याच्या गोळ्या देऊन घरी पाठवलं.

आवाज थांबला होता तो गोळा चकतीवर चढायचाच थांबल्यामुळं. चकती आता दारात पाचर मारल्यासारखी पुढं अडकली होती. मी तोंडात बोटं घालायला सांगितलंच नव्हतं. तीन उभी बोटं जायला हवीत, म्हणजे साधारण ४० मिलिमीटर. त्यांची जेमतेम दोन जात होती, आणि उघडताना हनुवटी उजवीकडं, अडलेल्या बाजूला वळत होती. पुढच्या खेपेला मॅडमनी हे दोन मिनिटांत पकडलं. माझ्याकडं नुसतं बघितलं, तेवढं पुरे होतं.

ओपीजीचा दोष नाही, मी त्याला भलताच प्रश्न विचारला. त्यात चकती दिसतच नाही. शिवाय तो काढताना पुढचे दात त्या प्लॅस्टिकच्या दांडीवर टेकवलेले असतात, जबडा थोडा पुढं आलेला असतो, त्यामुळं गोळा खोबणीत नेमका कसा बसतो हेही त्यावरून ठरवता येत नाही. फ्रॅक्चर, मोठी झीज, दोन बाजूंत ठळक फरक एवढं कळतं. हाडाचं बारीक बघायचं असेल, म्हणजे गोळा चपटा झालाय का, कड फुटलीय का, तर सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय स्कॅन. पण चकती त्यातही दिसत नाही. ती बघायची तर एमआरआय, आणि चिठ्ठीवर 'दोन्ही सांधे, तोंड मिटून आणि उघडून' असं स्वच्छ लिहायचं. नुसता मिटलेला काढला तर चकती सरकलीय एवढं कळेल, परत जागेवर येते की नाही हे कळणार नाही. मिटलेल्या तोंडात चकतीची मागची जाड कड गोळ्याच्या डोक्यावर, घड्याळात बाराच्या ठिकाणी असते. मावशींची पुढं घरंगळली होती आणि तोंड उघडल्यावरही तिथंच. सांधा सलाइननं धुतला, रोजचे व्यायाम लावून दिले, तेव्हा कुठं त्यांचं तोंड हळूहळू मोकळं झालं. बाय द वे, 'मऊ खा' म्हटल्यावर त्या कडक ज्वारीची भाकरी आमटीत बुडवून खात होत्या. काय खाता हे विचारल्याशिवाय पथ्य सांगू नका.

उलट टोकही बघा. नुसतं वाजतंय, दुखत नाही, तोंड पूर्ण उघडतंय, अशा माणसाला एमआरआयला धाडू नका. धडधाकट माणसांतही सरकलेल्या चकत्या सापडतात. रिपोर्ट हातात आला की तो बिचारा नसतं दुखणं घेऊन बसतो.

आपल्याकडचा आणखी एक चकवा. निपाणी-चिकोडीकडून 'तोंड उघडत नाही' म्हणून येणारा प्रत्येक जण सांध्याचा नसतो. आधी गालाच्या आतून बोट फिरवा. पांढुरकी कातडी, दोरीसारखे ताठ पट्टे लागले तर ते सुपारी-गुटख्याचं काम, सबम्यूकस फायब्रोसिस. ते कॅन्सरच्या वाटेवरचं दुखणं आहे, त्याला सांध्याच्या गोळ्या देत बसू नका.

आणि कन्नड शिका. मी शाळेत टाळलेलं कन्नड ओपीडीत शिकले. 'बायि तेगीरी' म्हटलं की पेशंट तोंड उघडतो. 'नोवु' म्हणजे दुखणं, 'दवडे' म्हणजे जबडा. खेड्यातली आजी 'सप्पळ' म्हणाली की आवाजाबद्दल बोलतेय. तो कधीपासून आणि मधे थांबला होता का, हे लगेच विचारा. नीट-एमडीएस, म्हणजे दंतवैद्यकाच्या पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा, देऊन ओरल मेडिसिन अँड रेडिओलॉजीला तीन वर्षं घालवायची असतील तर निम्मं काम असल्या प्रश्नांचं आहे, उरलेलं अंधाऱ्या खोलीत स्क्रीनसमोर.

एक प्रसंग तुमच्यावर अचानक येईल. जांभई दिली आणि तोंड मिटेना, लाळ गळतेय, घरचे घाबरलेत. पेशंटला खाली बसवा, डोकं मागं टेकवा, अंगठे खालच्या मागच्या दाढांवर ठेवून जबडा आधी खाली आणि मग मागं ढकला. अंगठ्यांना गॉज जाड गुंडाळा, कारण सांधा बसला की तोंड फटकन मिटतं. पहिल्या खेपेला मी दोनच वेढे दिले होते, डाव्या अंगठ्याचं नख दोन आठवडे काळं होतं.