पाकिटाची मागची बाजू वाचून किराणा कसा भरावा

महिन्याचा किराणा भरताना आपली नजर बहुधा पाकिटाच्या पुढच्या बाजूवर पडते आणि तेथे ‘मल्टिग्रेन’, ‘नैसर्गिक’, ‘कोलेस्टेरॉलमुक्त’ असे शब्द ठळक अक्षरांत छापलेले असतात. कायद्याने सक्तीची केलेली माहिती मात्र मागे, बारीक टायपात सापडते. घरातला आहार सुधारायचा असेल, तर ही मागची बाजू वाचण्याइतकी उपयोगी सवय दुसरी नाही, असे माझे ठाम मत आहे.

सुरुवात मात्र दुकानात नव्हे, तर घरी यादी करतानाच करावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीच्या पोटात दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ जावे. चार प्रौढांच्या घरात हा हिशेब महिन्याला ६०० ग्रॅम होतो आणि लोणचे, पापड, फरसाण, सॉस यांतून येणारे मीठही त्यातच धरलेले आहे. म्हणून अशा घरात लोणची-पापडांचा हंगाम नसतानाही दरमहा एक किलोची मिठाची पिशवी संपत असेल, तर आधी यादीतच बदल करायला हवा. साखरेचेही तसेच आहे. दिवसाला २५ ग्रॅमच्या आत राहावे, हा त्याच संघटनेचा अधिक काटेकोर सल्ला पाळायचा ठरवला, तर चौघांना महिन्याला साखर, गूळ, मध आणि बिस्किटे-सरबतांतली साखर मिळून तीन किलोंच्या वर जाता येत नाही. गूळ घेतला म्हणून साखर टळली, असे होत नाही. तोही याच हिशेबात येतो.

दुकानात पाकीट हातात घेतल्यावर प्रथम घटकांची यादी शोधावी. भारतातील नियमांनुसार घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, म्हणजे जो घटक सर्वांत जास्त, तो सर्वांत आधी. त्यामुळे पहिली तीन नावे वाचली, तरी पदार्थ मुळात कशाचा केला आहे, ते समजते. नाचणीच्या बिस्किटांचे उदाहरण घेऊ. पुढे नाचणीचे कणीस आणि मागे पहिलेच नाव ‘रिफाइंड व्हीट फ्लोअर’, म्हणजे मैदा. त्यानंतर साखर, मग पामोलिन तेल आणि त्याही पुढे कुठेतरी नाचणी. ज्या घटकाची पुढच्या बाजूला जाहिरात केली आहे, त्याचे प्रमाण टक्क्यांत द्यावे लागते. तो आकडा पाहिला, की आपण नाचणीसाठी पैसे मोजतो आहोत की मैद्यासाठी, हे कळून येते. तपकिरी ब्रेडही याच पद्धतीने तपासावा. यादीत मैदा पहिला असेल आणि शेवटी १५० या क्रमांकाचा कॅरॅमल रंग असेल, तर तो तपकिरीपणा गव्हाच्या कोंड्याचा आहे, असे गृहीत धरू नये. साखरही अनेक नावांनी येते. ‘इन्व्हर्ट सिरप’, ‘लिक्विड ग्लुकोज’, ‘डेक्स्ट्रोज’ ही नावे वेगवेगळ्या ठिकाणी विखुरलेली असली, तर ती मनाशी एकत्र करून पाहावीत.

त्यानंतर पोषणमूल्यांचा तक्ता. त्यात दर १०० ग्रॅमचे आकडे असतात आणि दोन वस्तूंची तुलना नेहमी याच आकड्यांवरून करावी, कारण एका ‘सर्व्हिंग’चे माप प्रत्येक कंपनी आपल्या सोयीने ठरवते. सोडियमच्या आकड्याला अडीचने गुणले, की मीठ मिळते. समजा, शेवेच्या पाकिटावर १०० ग्रॅममागे ८०० मिलिग्रॅम सोडियम लिहिले आहे; म्हणजे २ ग्रॅम मीठ. चहासोबत अशी ५० ग्रॅम शेव खाल्ली, तर दिवसाच्या मिठाचा पाचवा हिस्सा तेथेच संपतो. साखरेच्या बाबतीत एकूण साखर आणि वरून घातलेली साखर या दोन स्वतंत्र ओळी असतात. दुधाच्या पदार्थांत दुधाची स्वतःची साखरही असते, म्हणून तेथे दुसरी ओळ महत्त्वाची.

पुढच्या बाजूवरचे काही दावे खरे असूनही निरुपयोगी असतात. शेंगदाणा, करडई, सूर्यफूल यांच्या तेलात कोलेस्टेरॉल मुळातच नसते, तेव्हा तेलाच्या पिशवीवरच्या ‘कोलेस्टेरॉलमुक्त’ या शब्दासाठी चार पैसे जास्त देण्याचे कारण नाही. घाण्याचे असो वा रिफाइंड, तेलाच्या प्रत्येक ग्रॅममागे ९ कॅलरीच मिळतात. फळांच्या रसाबाबत तर भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने जून २०२४ मध्ये, आटवलेल्या रसात पाणी मिसळून केलेल्या पेयांवरचा ‘शंभर टक्के फळांचा रस’ हा दावा काढून टाकण्याचा आदेश दिला. मुलांसाठी रसाच्या खोक्याऐवजी पेरू, संत्री, केळी घ्यावीत. चोथाही पोटात जातो.

ज्या वस्तूंना घटकांची यादीच लागत नाही, त्यांनी पिशवीचा मोठा भाग भरावा. ज्वारी, बाजरी, नाचणी अख्खी घेऊन गिरणीतून दळून आणावी. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते आणि ते भाकरीतून, आंबिलीतून सहज पोटात जाते. मटकी, चवळी, हुलगे, सालीसकट मूग यांना यादीत कायमची जागा द्यावी. तूरडाळ फार चकचकीत दिसत असेल, तर बिनपॉलिशची मागून पाहावी. मंडईत जे त्या ऋतूत ढिगाने येते, ते घ्यावे. माठ, शेपू, चाकवत, अंबाडी या भाज्या स्वस्तही पडतात.

ऑनलाइन मागवताना पाकीट उलटून पाहता येत नाही, हीच खरी अडचण. वस्तूच्या छायाचित्रांत मागच्या बाजूचे चित्र असेल, तर ते मोठे करून वाचावे. ते नसेल, तर ती वस्तू पहिल्यांदा कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन पाहावी आणि पटली, तरच पुढच्या महिन्यापासून ऑनलाइन यादीत घालावी.