शिंप्याची टेप, फुगा आणि चुन्याची निवळी: श्वास घरच्या घरी कसा समजावायचा

सातारा जिल्ह्यात झेडपीच्या शाळांमधून मी 31 वर्षं विज्ञान शिकवलं. "श्वास म्हणजे काय रे?" विचारलं की उत्तर ठरलेलं: "बाई, ऑक्सिजन आत घेतो, कार्बन डायऑक्साइड बाहेर सोडतो." पाठ झालेलं, आणि निम्मं चुकीचं. परवा नातवाच्या वहीत तेच वाक्य दिसलं आणि मी पुन्हा चुन्याची डबी बाहेर काढली. घरात सहावी-सातवीचं पोर असेल तर तुम्हीही काढा.

सुरुवात मात्र टेपने करा. शिंप्याकडे असते ती कापडी टेप, काखेच्या जरा खाली छातीभोवती. श्वास सोडून एक माप, भरून दुसरं. पोलिस भरतीची तयारी करणाऱ्या पोरांना हा आकडा झोपेतही आठवतो: न फुगवता 79 सेंटिमीटर, फुगवून किमान 5 ने जास्त. आता मुलाला विचारा, हवा आत गेली म्हणून छाती फुगली, की छाती फुगली म्हणून हवा आत गेली? बहुतेक जण पहिलंच सांगतात. मग श्वास सोडून नाक चिमटीत धरायला लावा, तोंड मिटायला लावा आणि म्हणा, आता फुगव. बरगड्या थोड्या उचलतात, हवा तर जातच नाही, आणि गळ्याच्या खाली, दोन हाडांच्या मधोमध खळगा पडतो. तो खळगा आरशात बघू द्या. आधी जागा होते, आतला दाब कमी होतो, मग बाहेरची हवा आपली आपण आत शिरते. फुफ्फुसांना हवा ओढून घेणारे स्नायू नाहीतच. काम करतात ते बरगड्यांमधले स्नायू आणि त्याहून जास्त पोटाच्या वरचा पडदा, श्वासपटल.

हे पटायला बाटली हवी. लिटरची प्लास्टिकची बाटली घ्या, जाड असेल तर उत्तम. पातळ बाटली हातात चेपते आणि सगळा प्रयोग फसतो. बूड कापा. एक फुगा तोंडातून आत सोडा आणि त्याची कड बाटलीच्या तोंडावर उलटी चढवा. दुसरा फुगा आडवा कापून खालच्या बाजूला ताणून बसवा, कडेने चिकटपट्टी. खालचा रबर चिमटीत धरून ओढा: आतला फुगा फुगतो. सोडा: बसतो. फुगत नसेल तर नव्वद टक्के वेळा चिकटपट्टीतून हवा जातेय. आमच्याकडे त्यावर कणकेचा लेप द्यायचो, मुंग्या येईपर्यंत टिकतो.

एक गोष्ट मुलाला जरूर सांगा, कारण पुस्तकात ती राहून जाते: बाटली म्हणजे छाती नव्हे. बाटलीत फुगा आणि भिंत यांच्यात मोकळी जागा दिसते, आपल्यात तशी नसते. फुफ्फुसं छातीच्या भिंतीला पाण्याच्या पातळ थराने लगटून असतात, दोन ओल्या काचा एकमेकींना धरतात तशी. आणि श्वासपटल मुळात घुमटासारखं असतं. श्वास घेताना ते सपाट होतं.

किती हवा जाते? तेलाचा 5 लिटरचा कॅन धुऊन घ्या, अर्धा-अर्धा लिटर पाणी ओतत बाहेरून खुणा करा. गच्च भरून, तोंडावर तळहात दाबून, पाण्याच्या टबात उलटा धरा. आत रबरी नळी सरकवा आणि एका दमात फुंकायला सांगा. जेवढं पाणी बाहेर पडेल तेवढी हवा. मोठ्या माणसाची साधारण 3 ते 5 लिटर भरते. पण शांत बसलेला माणूस एका श्वासात जेमतेम अर्धा लिटर घेतो, मिनिटाला 12 ते 20 वेळा. आणि कितीही जोर लावला तरी लिटरभर हवा आत उरतेच. हा प्रयोग अंगणात करा. मी एकदा वर्गात केला आणि चटया दोन दिवस वाळत होत्या.

आता निवळी. कार्बन डायऑक्साइड मिळाला की ही दुधाळ होते. पानाच्या टपरीवरचा चुना चमचाभर, लिटरभर पाण्यात हलवा, रात्रभर ठेवा. सकाळी वरचं स्वच्छ पाणी कापडातून हळूच ओता. चुना डोळ्यात गेला तर डोळ्याला कायमची इजा होऊ शकते, तेव्हा हे काम मोठ्यांनी करायचं आणि गाळ लगेच टाकायचा. दोन ग्लासांत दोन-दोन बोटं निवळी घ्या. एकात सायकलच्या पंपाने हळूहळू हवा सोडा, दुसऱ्यात नळीने फुंका. नळीला वरच्या बाजूला टाचणीने दोन-तीन भोकं पाडा, म्हणजे पोराने चुकून ओढलं तरी निवळी तोंडात येत नाही. चुकून ओढणारं एक तरी असतंच. फुंकलेला ग्लास मिनिटभरात दुधाळ होतो. पंपाचा तसाच राहतो.

इथे पोरं ओरडतात, "बघा, आपण कार्बन डायऑक्साइडच सोडतो!" आणि इथेच आकडे मांडायचे. आत जाणाऱ्या हवेत नायट्रोजन 78 टक्के, ऑक्सिजन 21, कार्बन डायऑक्साइड फक्त 0.04. बाहेर येणाऱ्या हवेत नायट्रोजन जवळपास तेवढाच, ऑक्सिजन अजूनही 16 च्या आसपास, कार्बन डायऑक्साइड 4. शिवाय भरपूर वाफ. हवी तर फ्रिजमधल्या स्टीलच्या पेल्यावर फुंकून बघा. म्हणजे अर्ध्या लिटरच्या श्वासातून आपण ऑक्सिजन वापरतो तो चहाच्या पाच चमच्यांएवढा. कार्बन डायऑक्साइड मात्र शंभरपट झालेला असतो, म्हणून निवळी लगेच बोलते. एका मुलीने मला विचारलं होतं, "बाई, मग बुडालेल्याला तोंडाने श्वास देतात तेव्हा तो मरत नाही का?" उत्तर त्या 16 मध्ये आहे.

आणखी एक, विहिरीत पोहणाऱ्या पोरांसाठी. दम कोंडल्यावर जी तगमग होते ती मुख्यतः ऑक्सिजन संपल्यामुळे होत नाही, रक्तात कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे होते. सूर मारण्याआधी भराभरा दहा-वीस श्वास घेतले की हा वायू धुतला जातो, ऑक्सिजन मात्र फारसा वाढत नाही. मग तगमग उशिरा होते, आणि त्याआधीच पाण्याखाली शुद्ध जाऊ शकते. पैज लावून असं करणाऱ्यांना मी काठावरून हाका मारून बाहेर काढलंय. सरळ एक-दोन साधे श्वास घ्यायचे आणि उडी मारायची, बस.

उरलेली निवळी बाटलीत घट्ट झाकून ठेवा. थोडी मात्र वाटीत उघडी राहू द्या, कुणी फुंकायचं नाही. सकाळी तिच्यावर सायीसारखा पांढरा पापुद्रा दिसेल. मुलाने बोट लावण्याआधी त्याला विचारा, हा कुठून आला. 0.04 वाली ओळ वहीत आहेच.