अमेरिकेच्या फॅमिली व्हिसासाठी वकिलाची मदत कशी घ्यावी?

नातेवाइकाला कायमचं अमेरिकेत बोलावून घ्यायचं, तर सुरुवात फॉर्म आय-१३० ने होते. तो सरकारी संकेतस्थळावर फुकट मिळतो आणि भरायलाही फार अवघड नाही. मग वकील कशाला, हा प्रश्न रास्तच आहे. सरळ प्रकरणात वकिलाशिवाय खरंच भागतं. पण आपलं प्रकरण सरळ आहे की नाही, हे फॉर्म पाठवण्याआधी एकदा जाणकाराकडून तपासून घ्यावं, असं माझं ठाम मत आहे. तासाभराच्या सल्ल्याचे पैसे इथे खर्च करा. एकदा दिलेली माहिती फाइलमध्ये राहते आणि अनेक वर्षांनी मुलाखतीत तिच्यावर प्रश्न येऊ शकतात.

१. नातं कुठल्या वर्गात बसतं ते पाहा

अमेरिकन नागरिकाचा नवरा किंवा बायको, २१ वर्षांखालची अविवाहित मुलं आणि आईवडील (नागरिक स्वतः २१ वर्षांचा झाला असेल तर) यांच्या व्हिसांना वार्षिक मर्यादा नाही. बाकीच्यांना रांग आहे. नागरिकांची मोठी किंवा विवाहित मुलं, त्यांची भावंडं आणि ग्रीन कार्डधारकांचे जोडीदार व अविवाहित मुलं या रांगेत येतात. भावंडांच्या वर्गात भावंडं, त्यांचे जोडीदार आणि मुलं धरून जगभरासाठी वर्षाला साधारण ६५,००० व्हिसा असतात. एका देशाला किती मिळावेत यावरही बंधन आहे. त्यामुळे भारतातल्या भावाबहिणींना पंधरा वर्षांहून जास्त थांबावं लागतं. रांगेतली जागा ‘प्रायॉरिटी डेट’वरून, म्हणजे आय-१३० अर्ज सरकारकडे दाखल झाल्याच्या तारखेवरून ठरते. कुठल्या तारखेपर्यंतचे अर्ज पुढे घेतले जात आहेत, हे परराष्ट्र खात्याच्या मासिक व्हिसा बुलेटिनमध्ये दिसतं.

काही घरांना फटका बसतो तो इथेच. वडील ग्रीन कार्डधारक आहेत, त्यांनी मुलीसाठी अर्ज केला आहे आणि मधल्या काळात तिचं लग्न झालं, तर तो अर्ज रद्द होतो. ग्रीन कार्डधारकांच्या विवाहित मुलांसाठी वर्गच नाही. तसंच, नागरिक मुलाने आईसाठी केलेल्या अर्जात धाकटा भाऊ आपोआप येत नाही. घरात लग्न ठरत असेल किंवा एखादं मूल २१ च्या जवळ आलं असेल, तर आधी सल्ला घ्या. मुलांचं वय धरण्याचे नियम २००२ च्या एका कायद्याने ठरतात आणि ते गुंतागुंतीचे आहेत.

२. वकील हवाच अशी प्रकरणं

पूर्वी व्हिसा नाकारला गेला असेल, अटक किंवा गुन्हा नोंद असेल, आधीच्या अर्जात चुकीची माहिती गेली असेल, घटस्फोट किंवा दत्तकविधान असेल, तर एकट्याने पुढे जाऊ नका. परवानगीपेक्षा जास्त दिवस अमेरिकेत राहिलेल्यांनी देश सोडण्याआधीच वकिलाला विचारावं. १८० दिवसांहून अधिक, पण वर्षाहून कमी बेकायदा वास्तव्य करून बाहेर पडल्यास सहसा ३ वर्षं परत येता येत नाही. वर्ष किंवा त्याहून जास्त झालं असेल, तर १० वर्षं. आईवडील पर्यटक व्हिसावर आलेले असताना तिथूनच ग्रीन कार्डसाठी अर्ज करायचा विचार असेल, तर तोही विचारूनच करा. येतानाचा हेतू तपासला जातो.

३. माणूस अधिकृत आहे का?

कायदेशीर सल्ला देण्याचा आणि तुमच्या वतीने इमिग्रेशन खात्याशी बोलण्याचा अधिकार दोन प्रकारच्या लोकांना असतो. एक म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याची सनद असलेला वकील. दुसरा म्हणजे न्याय खात्याने मान्यता दिलेला प्रतिनिधी, जो मान्यताप्राप्त सेवाभावी संस्थेत काम करतो आणि बराच स्वस्त पडतो. इमिग्रेशन कायदा केंद्राचा असल्यामुळे वकील तुमच्याच राज्यातला असण्याची गरज नाही. नाव त्या राज्याच्या बार असोसिएशनच्या यादीत शोधा. प्रतिनिधींची यादी न्याय खात्याच्या संकेतस्थळावर असते. एजंट किंवा कन्सल्टंट तुम्ही सांगाल ते टाइप करून देऊ शकतो. काय लिहावं हे ठरवण्याचा हक्क त्याला नाही. ‘व्हिसा नक्की’ अशी हमी कुणी दिली, तर तिथून उठा.

४. पहिल्या भेटीची तयारी

आपल्याकडचा मोठा घोळ नावांचा. आईचं माहेरचं नाव जन्मदाखल्यावर वेगळं, पासपोर्टवर वेगळं. वडिलांचं नाव एका ठिकाणी पूर्ण, दुसरीकडे नुसतं आद्याक्षर. भावाबहिणीच्या अर्जात दोघांचे जन्मदाखले आणि समान आई किंवा वडील दाखवावे लागतात, त्यामुळे ही तफावत आधीच वकिलासमोर ठेवा. जन्माची नोंदच नसेल, तर नोंद नसल्याचा अधिकृत दाखला आणि दुसरे पुरावे लागतात. मराठी कागदांना पूर्ण इंग्रजी भाषांतर आणि भाषांतरकाराचं सहीचं प्रमाणपत्र जोडा. सांगायला नको वाटणारी गोष्टही वकिलाला सांगा. ती त्याच्यापाशी गोपनीय राहते.

५. फी आणि करार

लेखी करार घ्या. फीमध्ये फक्त आय-१३० आहे की पुढची कागदपत्रं आणि मुंबईच्या वाणिज्य दूतावासातल्या मुलाखतीची तयारीही, हे स्पष्ट लिहून घ्या. सरकारी फी वेगळी असते. आर्थिक हमीचा फॉर्म आय-८६४ सही करण्याआधी समजून घ्या. त्यात सहसा अमेरिकेच्या दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के उत्पन्न दाखवावं लागतं आणि ही जबाबदारी घटस्फोटानेही संपत नाही. उत्पन्न कमी पडलं म्हणून मित्राला सहहमीदार करणार असाल, तर त्यालाही हे सांगा. कोऱ्या फॉर्मवर सही नको.

वकील तुमचा प्रतिनिधी असल्याची नोंद फॉर्म जी-२८ ने होते आणि मग सूचना त्याच्याकडे जातात. लांबच्या रांगेत तो निवृत्त होईल किंवा पत्ता बदलेल. म्हणून प्रत्येक पावतीची प्रत आणि केस नंबर स्वतःकडे ठेवा, पत्ता बदलला की लगेच कळवा. व्हिसा उपलब्ध झाल्याची सूचना आल्यावर वर्षभरात पुढचं पाऊल उचललं नाही, तर अर्ज रद्द होऊ शकतो.