वाटणीचा दावा चालू असताना तिऱ्हाईत रिसीव्हर

कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्यात, निपाणी किंवा खानापूर भागात, वडिलांच्या पश्चात भावंडांत वाटणीचा दावा सुरू झाला, की खरी ओढाताण निकालापेक्षा उभ्या उसाच्या बिलावरून होते, कारण ज्याच्या नावावर कारखान्याला ऊस जातो त्याच्याच खात्यात पैसे पडतात. अशा वेळी १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतील आदेश ४०, नियम १ खाली तिऱ्हाईत रिसीव्हर, म्हणजे दावा संपेपर्यंत मिळकत सांभाळणारा न्यायालयाने नेमलेला माणूस, नेमण्याचा अर्ज त्याच न्यायालयात करता येतो. मृत्युपत्राच्या वैधतेवरच वाद असेल, तर भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलम २४७ नुसार दाव्यापुरता प्रशासक नेमता येतो. त्याला मिळकत सांभाळता येते, वाटता मात्र येत नाही.

नुसता अविश्वास अर्जाला पुरत नाही. ऊसबिलाच्या पावत्या, परस्पर केलेली विक्री, थकलेले कर्ज असा नुकसानीचा पुरावा जोडावा आणि जमिनीचा उतारा कन्नडमध्ये असल्याने त्यातील प्रत्येक रकाना जाणकाराकडून वाचून घ्यावा. रिसीव्हरचे नाव सुचवताना गावातला पुढारी टाळून दोन्ही बाजूंना चालेल असा वकील सुचवावा. रिसीव्हरने द्यायचा जामीन (तारण), हिशेबाची मुदत आणि मेहनताना आदेशातच लिहून मागावा, कारण तो मेहनताना बहुधा मिळकतीतूनच जातो.